सातशे तीस दिवसांची भिंत

"मांडव कुणीबी घालतंय, उठवायला अक्कल लागती," असं आप्पासो मगदूम म्हणायचे, आणि वारणाकाठच्या पाच-पंचवीस गावांत त्यांचं हे म्हणणं कुणी खोडून काढत नसे. तीस वर्षं त्यांनी लग्नाचे, जत्रेचे, बाराव्याचे मांडव घातले. बांबूला कधी खिळा मारला नाही, सगळं काम काथ्याच्या गाठींवर. वरात गेली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खांबांचे खड्डे माती-पाणी घालून चोपून बंद, आणि सुतळीचे तुकडेसुद्धा वेचून नेलेले. एवढी टापटीप बघून गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि आप्पासो त्याहून खूश व्हायचे. स्तुती ऐकायची त्यांना भारी हौस होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्या हौसेपायी घडलं.

सन २०३८च्या ऑगस्टात वारणा सलग तिसऱ्या वर्षी पात्राबाहेर आली आणि आप्पासोंचं काठावरचं गोदाम घेऊन गेली. बांबू, कापड, सतरंज्या, गाद्या, सगळं गेलं. चोपन्नाव्या वर्षी माणूस पुन्हा श्रीगणेशा करत नाही. तशात 'ऋतुघर' नावाच्या कंपनीची जाहिरात आली. तात्पुरत्या बांधकामाचा अनुभव असलेले मुकादम हवे होते. आप्पासो गेले आणि पहिल्याच दिवशी त्या बांधकामाच्या प्रेमात पडले.

शिकवायला पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. ऋजुता केळुसकर आल्या होत्या. पस्तिशीच्या, मूळच्या मालवणकडच्या, हातात कायम एखादा फळीचा तुकडा. त्यांनी तो प्रत्येकाच्या नाकाशी नेला. अळंबीचा वास येत होता.

"ही भिंत आम्ही बांधत नाही, पिकवतो," त्या म्हणाल्या.

उसाचं चिपाड आणि सोयाबीनचं भुसकट ओलं करून साच्यात भरायचं आणि त्यात एका अळंबीचं विरजण लावायचं. पंधरा दिवसांत तिचे पांढरे तंतू चिपाडाच्या कणाकणांत शिरून सगळं घट्ट विणून टाकतात. मग फळी भट्टीत भाजली की वाढ थांबते. फळी लाकडाहून हलकी, उन्हाळ्यात थंड, आग लागली तरी नुसती धुमसणारी. इथवरचं ज्ञान जुनंच होतं. ऋजुताबाईंची करामत त्यापुढची होती. फळी निवल्यावर तिच्यात मोहरीएवढे मेणाचे दाणे टोचलेले असत आणि त्या दाण्यांत दुसरी एक बुरशी झोपलेली असे. घरातल्या दमट हवेनं ते मेण रोज ठरल्या मापानं झिजायचं. सातशेतिसाव्या दिवसाच्या सुमाराला दाणे फुटायचे, आतली बुरशी जागी व्हायची आणि पहिलीला खायला लागायची. तीन आठवड्यांत भिंतीचं खत. म्हणूनच बाहेरून पावसासाठी राळेचा हात दिलेला असला तरी आतली बाजू उघडी ठेवायची, तिथल्या हवेवरच तर घड्याळ चालायचं.

"सिमेंटचा डोंगर नको, पत्र्यांचा ढीग नको," ऋजुताबाई म्हणाल्या. "पूर येतो, भूकंप होतो, आपण घाईघाईनं काहीतरी उभं करतो आणि त्याचा कचरा पन्नास वर्षं तिथे पडून राहतो. हे घर आपलं काम करतं आणि जमिनीला मिळतं."

"म्हंजे मांडव सोताच उठतोय की," आप्पासो म्हणाले.

ऋजुताबाई हसल्या. एवढ्या परिषदांत भाषणं केली, पण हे इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. आप्पासो मिरजेला घरी गेले ते छाती फुगवून, आणि बायकोला ते वाक्य तीनदा ऐकवून मगच जेवायला बसले.

पहिलं मोठं काम तळवेढ्याचं निघालं. पूर पुनर्वसन मंडळानं हे गाव कायमचं उठवायचं ठरवलं होतं. गावकऱ्यांनी गावठाणातली आपापली जागा मंडळाच्या नावे करून द्यायची, दोन वर्षं डफळ्याच्या माळावर ऋतुघरांत राहायचं, आणि तोवर मंडळ त्यांना सरकारी जमिनीवर पक्की घरं बांधून देणार, अशी बोली होती. साठ घरं पुरती पाण्यात गेलेली. त्यांतलं एक घर हौसाक्काचं होतं.

हौसाक्का म्हणजे आप्पासोंची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आप्पा चार वर्षांचा होता आणि अक्का बारा. तिनं त्याला कडेवर घेऊन भाकरी थापल्या. लग्न होऊन तळवेढ्याला आली तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन आली, आणि नवऱ्यानं कुरकुर केली तेव्हा त्याला एका वाक्यात गप्प केलं. तिला मूलबाळ झालं नाही. नवरा जाऊनही दहा वर्षं झाली होती. आता नदीकाठचं ते दगडी जोत्याचं घर आणि आप्पा, एवढीच तिची दुनिया होती.

अक्का सही करायला तयार नव्हती. मंडळाचा कारकून दोनदा हात हलवत परत गेला. शेवटी आप्पासोच कागद घेऊन गेले.

"अक्का, दरसाल माळ्यावर बसून किती दिस काढनार हाईस?"

"नदी येती आन् जाती. तिला मी वळकते," अक्का म्हणाली. "मानूस जाग्यावरनं उठलं की परत बसत न्हाई, आप्पा. मी बगितल्यात धरनाखालची मानसं."

"दोन वर्सांत पक्कं घर मिळतंय. मी सांगतोय न्हवं."

अक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. "तू सांगतूस?"

"मी सांगतो."

"मग दे तो कागुद."

तिनं जमिनीवर बसून अक्षर न् अक्षर कोरल्यासारखी सही केली. मंडळावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सही तिनं भावाच्या शब्दावर केली आणि आप्पासोंना ते पुरतं ठाऊक होतं.

नोव्हेंबरात माळावर साठ घरं उभी राहिली. बांबूचा सांगाडा, त्यावर फळ्या, काथ्याच्या गाठी. आप्पासोंनी प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघितली. अक्काला एक्केचाळीस नंबरचं घर मिळालं, आणि पहिल्याच दिवशी ती दारातच अडून बसली.

"आत चल की," आप्पासो म्हणाले.

"चुना कुठं हाय?"

तळवेढ्याच्या नदीकडच्या आळीत पिढ्यान् पिढ्या एक रीत होती. पूर ओसरला की आतून भिंतींना चुन्याचे तीन हात दिल्याशिवाय घरात दूध उतू घालायचं नाही. त्याशिवाय ओलीचा वास जात नाही आणि रोगराई हटत नाही, हा अनुभव. शिवाय पुरानंतरचं घर म्हणजे नवीनच घर, त्याला कोऱ्या भिंती हव्यात. वरच्या आळीतल्या चाळीस घरांत पाणी या दोन-तीन वर्षांतच पहिल्यांदा शिरलं होतं, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. कंपनीच्या नियमावलीत खिळे नकोत, तेलरंग नको, सिमेंट नको, असं सगळं लिहिलेलं होतं. चुन्याचं नावही नव्हतं. पुण्यात बसून नियम लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात कधी नदी आलेली नसावी.

आप्पासो मिरजेहून कळीचा चुना घेऊन आले. अक्कानं तो हौदात विझवला, आठवडाभर मुरू दिला, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घातला आणि लुगड्याच्या फडक्यातून गाळून काढला. मग पदर खोचून केरसुणीनं भिंती रंगवायला घेतल्या. पटापट तो पातळ चुना चिपाडाच्या फळीनं पिऊन टाकला. अक्काचं बघून नदीकडची वीसच्या वीस घरं पांढरी झाली. चुना लागल्यावर चौथ्या दिवशी दूध उतू गेलं आणि अक्का आत राहायला गेली.

"दोन वर्सांच्या घराला एवढा थाट?" आप्पासोंनी चेष्टा केली.

"दोन दिस ऱ्हायचं आसलं तरी घर ते घरच," अक्का म्हणाली आणि त्यांच्या हातावर साखर ठेवली.

दोन वर्षं गेली. पक्क्या घरांचा कोनशिला समारंभ झाला, फोटो आले, आणि कोनशिलेभोवती गवत माजलं. मंडळात विचारायला गेलं की फाईल पुढे गेली आहे असं कळायचं. इकडे वरच्या आळीतल्या भिंतींना बोट दाबलं तर खळगा पडायला लागला. घड्याळ मात्र कुणाची वाट बघायला बांधील नव्हतं. चाळीस कुटुंबांना चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या माळावर नव्या ऋतुघरांत हलवलं. शाळा सुटली, म्हशी विकाव्या लागल्या, कुणाचं दुकान मोडलं. तीन आठवड्यांत जुन्या घरांचं काळंभोर खत झालं, आणि मंडळाच्या साहेबांनी ते मुठीत धरून फोटो काढून घेतला.

नदीकडची वीस घरं मात्र ढिम्म. आप्पासोंनी भिंतीची ओल मोजायची सुई अक्काच्या भिंतीत टोचायला घेतली तर ती वाकली. दुसरी घेतली, ती मोडली. त्यांनी ऋजुताबाईंना फोन लावला.

बाई आल्या, भिंतीचा पेनाएवढा गाभा काढून घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. अक्काच्या ओट्यावर बसून त्या बराच वेळ स्वतःशीच हसत राहिल्या.

"तुमच्या बहिणीनं माझी सात वर्षांची मेहनत केरसुणीनं पुसून टाकली," त्या म्हणाल्या.

घडलं होतं ते असं. पातळ चुना तंतूंच्या वाटेनं, वातीत तेल चढावं तसा, भिंतीत खोलवर गेला होता. तिथं त्यानं घरातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड धरला, माणसांच्या श्वासातला, चुलीच्या धुरातला, आणि त्याची परत चुनखडी झाली. तंतू एकेक करून दगडाचे बनले. मेणाच्या दाण्यांवरही तेच कवच चढलं, आणि आतल्या बुरशीला चुन्याचा क्षार सोसेना म्हणून ती झोपली ती झोपलीच. गुळानं आणि बेलाच्या चिकामुळं चुना सावकाश सुकला, म्हणून इतका आत जाऊ शकला.

"आता किती टिकंल?" आप्पासोंनी विचारलं.

"शंभर वर्षं म्हणायला हरकत नाही. आणि गंमत सांगू? माझ्या भिंतीचं खत झालं की तिच्यातला बराचसा कार्बन वर्ष-दोन वर्षांत हवेत परत जातो. ही भिंत तो धरून ठेवते. पर्यावरणाच्या दृष्टीनं माझ्यापेक्षा हौसाक्कांची भिंत सरस आहे."

"मग हे वर कळवाय पायजे."

"मला कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही," ऋजुताबाई म्हणाल्या. "पण माळावरचा अहवाल तुमचा असतो, मगदूम. त्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. आणि घाई करू नका."

अक्का आतून सगळं ऐकत होती. बाई गेल्यावर ती बाहेर आली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, आप्पा. भिंत उबी हाय, आमी आत हाय. कुनाला सांगाय जाऊ नगंस."

"अगं, खुळी का काय तू? मंडळाला आयती पक्की घरं घावली. नको म्हनत्यात व्हय? आन् त्या वरच्या आळीच्या लोकांचं काय? त्येंच्या भिंतींस्नी बी चुना दिला तर त्येंचं बिऱ्हाड पुन्यांदा हलायचं न्हाई."

"त्येंच्या कानात सांग जा. सायबाच्या कशापायी सांगतूस?"

"चोरून कशाला करायचं? चांगलं काम हाय."

"तुला शाबासकी पायजे," अक्का म्हणाली. "ल्हानपनापासनं तुला तेवडंच पायजे."

आप्पासोंना राग आला, कारण ते खरं होतं. त्या चाळीस कुटुंबांची कळकळ त्यांना होती, नव्हती असं नाही. पण त्या कळकळीच्या आत दुसरं चित्र होतं. आपण साहेबासमोर बसलो आहोत, साहेब उठून हात मिळवतो आहे, मिरजेच्या मांडववाल्यानं सगळ्या शास्त्रज्ञांना मागं टाकलं असं म्हणतो आहे. त्या चित्रापुढं अक्काचा इशारा टिकला नाही.

मंडळाचे उपसंचालक भणगे हे मृदू बोलणारे गृहस्थ होते. आप्पासोंनी टॉवेलात गुंडाळून आणलेला भिंतीचा तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हाना त्येच्यावर कायबी." भणगेंनी पेपरवेट आपटलं. तुकड्यावर ओरखडासुद्धा उठला नाही. त्यांनी चहा मागवला, वही उघडली आणि अगदी मन लावून सगळं विचारून घेतलं. चुना कोणता, किती दिवस मुरवायचा, किती हात द्यायचे, किती महिन्यांत भिंत पक्की होते. आप्पासो खुलले. बेलफळाचं प्रमाण त्यांनी हातांच्या ओंजळीनं करून दाखवलं.

"आणि समजा, कुणाला हे उलटं फिरवायचं असेल तर?" भणगेंनी पेन तसंच धरून विचारलं. "म्हणजे आपलं माहितीसाठी."

"सोपं हाय. आंबट," आप्पासो म्हणाले. "चुन्याचा वैरी आंबट. ताक सांडलं तरी चुन्याचा हात सुटतोय, कुठल्याबी गवंड्याला इचारा. चिच्चंचं पानी मारा, न्हाईतर मळीचं आंबट पानी. आठ दिसांत भिंत लिबलिबीत."

भणगेंनी तेही लिहून घेतलं. "फार अनुभवी आहात हो तुम्ही," ते म्हणाले आणि खरोखरच उठून त्यांनी हात मिळवला. आप्पासो परत आले ते तरंगतच. वाटेत त्यांनी अक्कासाठी पेढे घेतले. अक्कानं एक खाल्ला आणि पुडा बाजूला ठेवला.

तीन आठवड्यांनी आदेश आला. 'सदर निवासव्यवस्था तात्पुरत्या स्वरूपाची असल्याने तीत कायमस्वरूपी बदल करणे हा करारभंग समजण्यात येईल,' अशी त्याची सुरुवात होती. दुसऱ्या कलमानं सगळ्या वसाहतींत चुना आणायला बंदी घातली होती, तिसऱ्यानं झडतीची सोय केली होती. चौथ्या कलमात डफळ्याच्या माळावरच्या वीस घरांवर आतून आम्लयुक्त द्रावणाची फवारणी करून ती मूळ मुदतीत आणावीत, असं म्हटलं होतं. अंमलबजावणीची जबाबदारी उभारणी मुकादम आ. बा. मगदूम यांची.

आप्पासोंनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं आणि तडक भणगेंचं कार्यालय गाठलं.

"सायेब, घर टिकतंय हे सांगाय आलो हुतो मी."

"आणि ते आम्हाला नीट समजलं, मगदूम." भणगेंचा आवाज होता तसाच मृदू होता. "घर टिकलं की माणूस टिकतो. माणूस टिकला की तो सातबारा मागतो आणि कोर्टात जातो. तो माळ आपण दोन वर्षांच्या बोलीवर घेतलाय. पुढं अजून अकरा गावं उठवायची आहेत. एका ठिकाणी लोक ठाण मांडून बसले तर पुढची जमीन आपल्याला कोण देणार?"

"पक्की घरं कवा मिळनार मग?"

"प्रक्रिया चालू आहे."

"मग दुसऱ्या कुनाला पाठवा त्या कामाला. माझी भन हाय तितं."

"पाठवतो की. दुसरे जेसीबी घेऊन जातील, एका दुपारी सपाट करतील. भांडीकुंडी कोण सांभाळणार? तुमचं काम स्वच्छ असतं, म्हणून तुमचं नाव घातलं मी."

आप्पासो खाली मान घालून बाहेर आले. रस्त्यातच त्यांनी स्वतःची समजूत घातली की आपण गेलो तर निदान कुणाचं काही मोडणार नाही, कुणाला धक्काबुक्की होणार नाही. वाईट काम चांगल्या हातून झालेलं बरं, या समजुतीवर जगातली निम्मी वाईट कामं पार पडतात.

ऋजुताबाईंना त्यांनी फोन केला. बाईंनी नोकरी सोडली होती. "माझं नाव काढून टाका म्हणून कळवलंय," त्या म्हणाल्या. "पण पेटंट कंपनीचं आहे, मगदूम. नाव असलं काय, नसलं काय, भिंती तशाच पडत राहणार." मग त्यांनी विचारलं, "आम्ल कुणी सुचवलं हो? मी तर त्यांना एका शब्दानं बोलले नव्हते."

आप्पासोंनी फोन ठेवून दिला.

टँकर मंगळवारी सकाळी आला. मळीच्या आंबट पाण्याच्या वासानं सगळा माळ भरून गेला. लोक शिव्या देतील, दगड मारतील, अशी आप्पासोंनी तयारी ठेवली होती. पण पोलिसांची गाडी बघून लोक सामान बाहेर काढायला लागले. शेजारचे तातोबा माळी, सत्तरीचे, पेटी डोक्यावर घेऊन जाता जाता त्यांच्यापुढं थांबले.

"भैनीनं शिकवलं म्हनून भिंती टिकल्या," ते म्हणाले. "आन् भावानं शिकवलं म्हनून पडाय लागल्या. न्हवं?"

म्हणजे बातमी पोचली होती. सरकारी वहीत लिहिलेलं गावात कळायला किती वेळ लागतो?

एक्केचाळीस नंबरशी ते आले तेव्हा अक्कानं सगळं सामान आपल्या हातानं बाहेर आणून ठेवलेलं होतं. भावाला हात लावायचं कारण तिनं ठेवलं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर उभी होती. आप्पासो पाइप घेऊन आत शिरले. खोली रिकामी, पांढरीशुभ्र. चुलीजवळच्या भिंतीवर, अक्का रोज पाठ टेकून बसायची तिथं, चुना झिजून गुळगुळीत झाला होता. त्यांनी पाणी सोडलं. भिंत फसफसली, बारीक फेस आला आणि दगड झालेला चुना ओघळून खाली यायला लागला. चारही बाजू झाल्या. ती झिजलेली जागा त्यांनी शेवटपर्यंत ठेवली होती. मग तिच्यावरही पाणी मारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी आंबट वाफेवर ढकललं.

"अक्का, माझ्याकडं चल ऱ्हायाला," बाहेर येऊन ते म्हणाले. "मिरजंला. तुझंच घर हाय त्ये."

ती रागावली असती, रडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तरी आप्पासोंना बरं वाटलं असतं. अक्कानं सुपातले तांदूळ निवडायला घेतले. पुढचे बारा दिवस भिंती मऊ पडत गेल्या. लोक कडेला ताडपत्रीखाली राहिले. आप्पासो रोज जायचे, रोज तेच म्हणायचे, आणि अक्का रोज त्यांच्या अंगावरून नजर फिरवून दुसरीकडे बघायची.

तेराव्या दिवशी ट्रक आले. दुसऱ्या माळावरही जागा उरली नव्हती, म्हणून या वीस घरांना तिसऱ्या माळावर, पार जतच्या बाजूला नेणार होते. तिथंही ऋतुघरंच होती. दाणे आता अधिक चांगले होते, चुन्यालाही न जुमानणारे. भणगेंनी सुधारणा करून घेतली होती.

ट्रकशी उभं राहून यादी करायचं काम मुकादमाचं. मंडळानं त्यासाठी हातात मावेल असं एक यंत्र दिलं होतं. मुकादमानं प्रश्न विचारायचा, माणसानं आपल्या तोंडानं उत्तर द्यायचं, यंत्र ते लिहून घ्यायचं. मुकादमानं आपल्या मनानं भरायची सोय त्यात नव्हती. उद्या कुणी उलटून म्हणायला नको की आम्हाला विचारलंच नव्हतं.

तातोबा झाले, त्यांची सून झाली, आणखी पाच-सहाजण झाले. मग अक्का पुढं आली. काखेत गाठोडं, हातात घासलेटचा जुना स्टोव्ह.

"नाव?" आप्पासोंनी विचारलं. विचारावंच लागलं.

"हौसाबाई दत्तू चौगुले."

"वय?"

"पासष्ट."

"जुना घर नंबर?"

"येक्केचाळीस."

यंत्रानं पुढचा प्रश्न दाखवला. बाकीच्यांना आप्पासोंनी तो भराभर विचारला होता.

"अडीअडचणीला कळवायचं… जवळचं नातेवाईक?"

अक्कानं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ज्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा कचेरीतल्या माणसाकडं बघावं, तसं बघत होती. कडेवर होता तेव्हापासून तिनं आप्पाला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"कोन न्हाई," ती म्हणाली. "लिवा तुमी."

यंत्रानं लिहून घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, माहिती बरोबर आहे का. मागं रांग खोळंबली होती, ट्रकवाला हॉर्न मारत होता. आप्पासोंनी 'होय' दाबलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.